सार्सेलवर खाल्लेली वाळू

१

वाटाड्या रिवाल नांगराच्या दोराला लटकलेला सापडला, तेव्हा आठाचे टोले पडून गेले होते आणि तरी नीट उजाडलेलं नव्हतं.

त्याचा जाड लोकरी कोट दोरात अडकला होता. अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. वर ओढून घेतला तर कवटीला मागून खोक पडलेली. पडून लागलेली नव्हती ती, कुणीतरी मारलेली होती.

कुणी रडलं नाही. रिवालवर प्रेम करणारा माणूस जहाजावर नव्हता. पण त्याच्यावाचून आम्ही अडकलो होतो. आम्ही ब्रेस्ट बंदराच्या तोंडाशी चार दिवस धुक्यात नांगर टाकून बसलो होतो, बाहेर इंग्रजांची सात जहाजं. त्याच गुरुवारी दुपारी धुक्याआडून खडकांमधल्या वाटेने निसटायचं ठरलं होतं. ती वाट एकट्या रिवालला माहीत होती. बिस्किटं पाच दिवसांची उरली होती, तीही किडकी. खाली एकोणीस माणसं तापाने फणफणलेली.

कप्तानसाहेबांना खुनी शोधायला पाव तास पुरला.

"रिवाल भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबलं की नाळेवर जायचा," ते म्हणाले. "रोज. दोरीला शिसं बांधून तळ मोजायला. बरोबर?"

बरोबरच होतं. जहाजाच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, तो पाणी थांबल्याशिवाय फिरकायचा नाही. त्याला घंटा लागायची नाही, कानानेच कळायचं. पाण्याची खळखळ बंद झाली की म्हातारा उठलाच.

कप्तानांनी रिवालची वही उघडली. त्याच्याच अक्षरात लिहिलेलं: गुरुवार, पाणी थांबेल पहाटे पाचला.

"पहाटे पाचला नाळेवर पहाऱ्याला कोण होतं?"

गेनोले होता. चार ते सहा, एकटा. आणि आदल्या संध्याकाळी याच गेनोलेने सगळ्यांसमोर रिवालची गचांडी धरली होती. गेनोलेची बायको गावी बाळंतपणाला आलेली. तिला लिहिलेलं पत्र त्याने रिवालकडे किनाऱ्यावर पोचवायला दिलं होतं, आणि रिवालने त्याच कागदाने चिलीम पेटवली. "तुला पाण्यात घालीन, म्हाताऱ्या," असं गेनोले ओरडला होता. शंभर माणसांनी ऐकलं.

"साहेब, तो माझ्या पहाऱ्यात आलाच नाही," गेनोले म्हणाला. "आईशप्पथ."

"वही खोटं बोलते? की समुद्र?"

बाराच्या टोल्याला फाशी. निसटायचं ते नंतर बघू, आधी जहाजावरचा खुनी संपवू, असं साहेब म्हणाले.

गेनोले आणि मी एका झोळीत झोपायचो. म्हणजे पाळीपाळीने. दोन माणसांत एक झोळी, एक डेकवर असला की दुसरा आत. मी शिरायचो तेव्हा झोळी त्याच्या अंगाने गरम असायची. आमच्याकडे याला भावापेक्षा जवळचं मानतात.

आणि त्याला वाचवेल अशी गोष्ट मला माहीत होती. तेव्हा ते मला कळलं मात्र नव्हतं.

२

फादर ऑन्सेल्म म्हणजे जहाजाचे पाद्री. साठीचे, सुकलेले, नाकात सतत तपकीर. साहेबांनी त्यांना सांगितलं, बारापर्यंत गेनोलेकडून कबुली घ्या. फादर गेनोलेकडे गेलेच नाहीत. मला म्हणाले, "तांगी, चल माझ्याबरोबर. मला नीट दिसत नाही. तुळईवर डोकं आपटेन."

त्या तुळईचं सांगायला हवं. आमचं जहाज सार्सेल, सहा बहिणींतली पाचवी. एकाच कारागिराच्या एकाच नकाशावरून सहा लढाऊ फ्रिगेटी बांधल्या, सगळ्यांना पक्ष्यांची नावं दिली. बोटभर इकडचं तिकडे नाही. आणि त्या नकाशात एक चूक होती. तोफांच्या मजल्यावरून चुलीकडे वळलं की एक तुळई चार बोटं जास्त खाली आलेली. अंधारात दिसत नाही. सहाही जहाजांवर नव्या माणसाचं कपाळ तिथे फुटणारच. माझं दोनदा फुटलं. कपाळावर खूण दिसली की समजायचं, हा आपला.

फादर वर्षभर जहाजावर होते, तरी त्यांनी आपटून घेतलंच.

"या, या," चुलीपाशी बास्तियाँ आचारी बसला होता. "फादर, सहाव्यांदा. तुळईला आशीर्वाद देऊन टाका एकदा."

"बास्तियाँ, रिवालशी तुझं काय वाकडं होतं?"

"माझं? त्याने काल माझे वाल ताटासकट समुद्रात फेकले. म्हणे, बंदुकीत भरा. आणि तो एकटा नाही, सगळे तेच म्हणतायत! तीन दिवस झाले, वाल कच्चेच राहतायत. पाणी तेच, लाकूड तेच, वाल तेच. पहाटे चारच्या टोल्याला चढवतो, आठच्या टोल्याला चूल विझवतो, कप्तानांचा हुकूम आहे. दोन वर्षं लोण्यासारखे शिजायचे. आता दाताखाली कडकड. मी काय, वालांना हात जोडू?"

"कधीपासून?"

"सोमवारपासून. धुकं आल्यापासून."

"धुक्याने वाल कच्चे राहतात?" मी हसलो.

फादर हसले नाहीत. माझ्याकडे बघितलं आणि नजर लगेच दुसरीकडे वळवली.

"अजून एक, फादर," आचारी म्हणाला. "उजाडतपण नाही हो वेळेवर. आज आठ वाजून गेले तरी मी दिव्यावर कांदा चिरत होतो. जगबुडी आलीय का काय?"

३

सहा ते आठ नाळेवर ज्युदिका होता. कोळी माणूस, पस्तिशीचा. सार्डिनच्या होडीवरून आलेला, अकरा दिवसच झाले होते. माणसं कमी पडली म्हणून घेतला. फ्रिगेटवर पाय पहिल्यांदाच ठेवलाय, असं नाव नोंदवताना त्यानेच सांगितलं होतं.

तो चुलीकडेच येत होता, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या. फादरनी विचारलं तसा चालता चालताच बोलायला लागला.

"मी गेलो तेव्हा गेनोले उभा होता. तो गेला. मग आठपर्यंत मी एकटा. म्हातारा आला नाही. येईल कसा? पाचलाच गेला ना बिचारा."

मान खाली घालून, तुळईखालून वाकून, पाण्याचा थेंब न सांडता तो पुढे गेला आणि बादल्या ठेवल्या.

"तू रिवालला ओळखत होतास?"

"नाव ऐकलं होतं. किनाऱ्यावर कुणी नाही ऐकलं?"

"आवडायचा?"

"फादर, मी अकरा दिवसांचा पाहुणा आहे. मला अजून इथला स्वयंपाकपण आवडत नाही."

बास्तियाँने डाव फेकून मारला. ज्युदिका हसला, पण नुसत्या तोंडाने.

वर डेकवर मोदे सुकाणूच्या पहाऱ्याला होता. त्याने वाळूचं घड्याळ उलटं केलं, घंटा वाजवली. दहा वाजले.

४

गेनोलेच्या पायात बेड्या घालून त्याला तोफेला बांधलं होतं. आम्हाला बघून म्हणाला, "काय तांगी, आज झोळी पूर्ण तुझीच. पसरून झोप लेका."

"गप रे."

"बायकोला सांगशील ना? फाशीचं सांगू नको. ताप आला म्हण."

फादर त्याच्याजवळ बसले. "गेनोले, तुझ्या पहाऱ्यात पाणी थांबलं होतं का रे?"

"नाही फादर. हेच तर सांगतोय! दोर ताठ होता, पाणी नाळेवर फाटत होतं चांगलं. साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, खुन्याच्या कानाने मी समुद्र ऐकत नाही."

फादर उठले. मला बाजूला घेतलं.

"पहाटे चार ते आठ सुकाणूपाशी तू होतास. पाचचे टोले देताना मागे सुकाणूखाली पाणी कसं होतं?"

मी आठवलं. थंडीने हात बधिर, घंटेची दोरी ओली. आणि खाली खळखळ. चांगली जोरात. सहाचे टोले देतानापण होती. मग सहानंतर थोड्याच वेळात एकदम सगळं चिडीचूप झालं होतं. मी तेव्हा म्हटलं होतं, कान गेले की काय.

"जोरात होतं, फादर. सहानंतर थांबलं."

"वहीत पाच लिहिलंय. रिवालची वही तीस वर्षांत चुकलेली नाही."

"मग..."

"मग काय, ते मला विचारू नको." चिमटीतली तपकीर सांडत होती. "मी तुला हे विचारू शकत नाही. मी काहीच सांगू शकत नाही. काल संध्याकाळी लढाईच्या आधी सगळ्यांनी माझ्याकडे पापं कबूल केली. कबुलीत ऐकलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं तर मी नरकात जाईन, आणि गेलो असतो रे, पण मग माझ्यावर विश्वास कोण ठेवेल? तूच डोकं चालव. वाल का शिजत नाहीत? सूर्य का उशिरा उगवतो?"

एवढं बोलून ते गेले.

काल संध्याकाळी मी फादरना काय सांगितलं होतं, ते मला आठवलं.

मी वाळू खाल्ली होती.

५

जहाजावर वेळ म्हणजे ते काचेचं घड्याळ. अर्ध्या तासात वरची वाळू खाली येते. सुकाणूवाला ते उलटं करतो आणि घंटा वाजवतो. अख्खं जहाज त्या घंटेवर उठतं, खातं, झोपतं. कप्तानांचं खिशातलं घड्याळ ओल धरून कधीच बंद पडलेलं. दुपारी सूर्य डोक्यावर आला की मापून बारा वाजवतात, आणि सगळी चूक तिथे पुसली जाते.

पण सोमवारपासून सूर्यच दिसला नव्हता.

पहाटेची पाळी सगळ्यात वाईट. बोटं मोडून पडतील अशी थंडी. मग माणूस काय करतो? वाळू संपायच्या जरा आधीच घड्याळ उलटं करतो. दर वेळी दोन-तीन मिनिटं. पाळी लवकर संपते, झोळी लवकर मिळते. याला आम्ही वाळू खाणं म्हणतो. शत्रू समोर असताना पकडला गेलात तर तीन वेळा समुद्रात: हातपाय बांधून आडव्या काठीवरून पाण्यात सोडतात, वर ओढतात, परत सोडतात. नोव्हेंबरात.

सोमवारी पहाटे मी पंचवीस मिनिटं खाल्ली होती. आज पहाटे एकही नाही, कारण साहेब स्वतः डेकवर फेऱ्या मारत होते.

मी बोटांवर मोजलं. घंटा पंचवीस मिनिटं पुढे. म्हणजे पाणी खरोखर पाचला थांबलं तेव्हा जहाजावर पाच पंचवीस झाले असणार. पण पाच पंचवीसलासुद्धा नाळेवर गेनोलेच होता! मी सगळं कबूल केलं, समुद्रात बुडालो, तरी त्याची फाशी टळत नव्हती.

खरं सांगतो, मला क्षणभर बरं वाटलं. की आता बोलायची गरज नाही.

मग वाल आठवले. बास्तियाँ म्हणाला होता, तीन दिवस कच्चे. मी तर एकच दिवस खाल्ली होती. मंगळवारी पहाटे मोदे होता. बुधवारी मास्तर.

मास्तर म्हणजे केरद्राँ, सुकाणूवाल्यांचे मुख्य, बासष्ट वर्षांचे. मला अक्षरओळख त्यांनीच करून दिली, होकायंत्र त्यांनीच शिकवलं. पहिल्याच दिवशी माझा कान पिळून म्हणाले होते, "वाळू खाणारा अख्ख्या जहाजाशी खोटं बोलतो." मास्तर खातील हे शक्यच नव्हतं.

मी मोदेकडे धावलो. अकरा वाजून गेले होते.

"मोदे, मंगळवारी खाल्लीस का?"

"काय?"

"वाळू. खरं सांग. गेनोलेचा जीव आहे."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "तू खाल्लीस तर तू सांग. मला कशाला ओढतोस? मला पोहता येत नाही, तांगी."

"तिथे पोहायचं कुठे असतं, येड्या, हात बांधलेले असतात."

"मग तर झालंच!"

तो घड्याळाकडे वळला. त्या पाळीत त्याने एक कणसुद्धा खाल्ला नाही. शेवटचा दाणा पडेपर्यंत वाट बघत होता, प्रत्येक वेळी. मी बघत होतो ना.

६

बाराला सगळे डेकवर. धुकं एवढं की डोलकाठीचं वरचं टोक दिसेना. गेनोलेच्या गळ्यात दोर पडला. तो माझ्याकडे बघत नव्हता, घंटेकडे बघत होता.

"साहेब!" माझा आवाज किरटा निघाला. "घंटा चुकीची आहे."

"कोण म्हणतं?"

"मी. सोमवारी पहाटे मी वाळू खाल्ली. पंचवीस मिनिटं."

कुणीतरी शिट्टी मारली. साहेब शांतपणे म्हणाले, "म्हणजे पाणी आपल्या घंटेने पाच पंचवीसला थांबलं. तेव्हा पहाऱ्यावर कोण होतं?"

"...गेनोले."

"मग तू उगाच मेलास. तुलापण मिळेल. ओढा दोर."

"वाल शिजले नाहीत साहेब!" बास्तियाँ मागून ओरडला. त्याला काय कळलं होतं, देव जाणे. "तीन दिवस! मी म्हणतोय, तीन दिवस!"

कुणी हसलं नाही. फादर डोळे मिटून उभे होते, ओठ हलत होते. मी मोदेकडे बघितलं. तो घंटेची दोरी धरून उभा, दोरी हलत नव्हती.

"टोला दे," साहेब म्हणाले.

"नाही देत," मोदे म्हणाला, आणि रडायलाच लागला. "मी मंगळवारी. वीस मिनिटं, साहेब. जास्त नाही."

"पाच पंचेचाळीस," साहेब म्हणाले. आता त्यांचाही आवाज बदलला होता. "अजूनही गेनोलेच."

पंधरा मिनिटं कमी पडत होती. माणसाच्या जिवाला पंधरा मिनिटं. मी मास्तरांकडे बघायचं टाळत होतो. अख्खं जहाज टाळत होतं.

मास्तर पुढे आले. टोपी काढली. टक्कल पडलेलं डोकं, थंडीने लाल.

"बुधवारी मी," ते म्हणाले. "वीस मिनिटं. गुडघे दुखत होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा खाल्ली असं म्हणणार होतो, पण आता खोटं कशाला? दर हिवाळ्यात खातो."

फादरनी डोळे उघडले.

पंचवीस, वीस, वीस. पासष्ट मिनिटं. पाणी थांबलं तेव्हा जहाजावर सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. गेनोले तेव्हा झोळीत होता. नाळेवर दुसराच माणूस होता.

सगळ्यांच्या माना ज्युदिकाकडे वळल्या.

"मी कशाला मारू?" तो म्हणाला. "मी त्या म्हाताऱ्याला ओळखतपण नव्हतो. वाळू यांनी खायची आणि लटकायचं मी?"

"तुझं कपाळ दाखव," फादर म्हणाले. कबुलीत न ऐकलेलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं बोलायला मिळालं म्हणून त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "साहेब, या जहाजावरचा कुठलाही नवा माणूस घ्या. चुलीपाशी डोकं फुटलेलं असतंच. माझं आज फुटलं. हा अकरा दिवसांपूर्वी सार्डिनच्या होडीवरून आला. कपाळ कोरं. सकाळी दोन्ही हातांत बादल्या, माझ्याशी बोलतोय, आणि त्या तुळईखाली आपोआप वाकला. अकरा दिवसांत तसं वाकता येत नाही. हा या सहा बहिणींपैकी एकीवर राहिलेला आहे. मग ते लपवलं का?"

साहेब सावकाश म्हणाले, "चार तर दोन वर्षं अमेरिकेकडे आहेत. पाचवी ही. राहिली बेकास."

बेकास मार्चमध्ये खडकांवर फुटली होती. एकशे नव्वद माणसं बुडाली. वाटाड्या रिवाल होता.

ज्युदिका खाली बसला, दमल्यासारखा.

"माझा भाऊ होता," तो म्हणाला. "धाकटा. मी एका फळीला धरून राहिलो, तो नाही राहिला. आणि रिवाल पहिल्या होडीतून गेला. होडी अर्धी रिकामी होती, साहेब. मी बघितलं. मी याला नुसतं विचारायला आलो होतो. आज पाणी थांबलं, तो आला, शिसं सोडलं. मी म्हटलं, बेकास आठवते का? तो म्हणाला, कुठली बेकास?"

वर धुकं तसंच होतं.

"कुठली, म्हणाला," ज्युदिका परत म्हणाला.

७

गेनोलेच्या गळ्यातला दोर काढला आणि ज्युदिकाच्या गळ्यात घातला. त्याने मान स्वतःच पुढे केली. गेनोलेला बघवलं नाही. मला बघावं लागलं, कारण आमची तिघांची रांग त्यानंतर होती.

साहेबांनी मास्तरांना वय बघून सोडायची तयारी दाखवली. मास्तर म्हणाले, "मग या दोघांनापण सोडा." साहेब नाही म्हणाले. "मग आधी मी," मास्तर म्हणाले.

तिसऱ्यांदा वर आले तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते पण ओळखत नव्हते. मोदे जगला. रडत, शिव्या घालत, पण जगला. मग मी. पाणी कसं होतं ते सांगता येणार नाही. ते थंड नसतंच. छातीवर कुणीतरी दार लावून घेतं.

शुद्धीवर आलो तेव्हा खाली घोंगडीत होतो. गेनोले माझे पाय ब्रँडीने चोळत होता. पलीकडे फादर मास्तरांच्या अंगावर चादर ओढत होते, तोंडावरूनसुद्धा. जहाज अजून तिथेच होतं. वाटाड्या नाही, खुनी नाही, मास्तर नाहीत, आणि बाहेर इंग्रज होतेच.

गेनोलेच्या मानेवर दोराचा वळ उठला होता.

"दहा वाजताच कळलं होतं ना तुला?" त्याने विचारलं.

"हो."

"मग बारापर्यंत का थांबलास?"

खोटं बोलायला सुचलं असतं. तेवढी ताकद नव्हती.

"भीती वाटत होती," मी म्हटलं.

त्याने हात थांबवले. माझ्याकडे बघितलं. मग दुसरा पाय घेतला आणि चोळायला लागला.

"मलापण वाटत होती," तो म्हणाला.